अर्पानेटचे विभाजन : संगणक-सुरक्षेच्या इतिहासातील एक टप्पा

प्रस्तावना :
एखाद्या संस्थेचे संगणक-जाळे अखंड ठेवावे की त्याचे विभाग पाडून प्रत्येकास स्वतंत्र सुरक्षा-नियम लावावेत, हा प्रश्न आज तांत्रिक स्वरूपाचा मानला जातो. त्याचे मूळ मात्र १९८३ च्या एका प्रशासकीय निर्णयात सापडते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने त्या वर्षी अर्पानेट या आपल्याच जाळ्याचे दोन भाग केले. प्रस्तुत लेखात या निर्णयाची कारणे व परिणाम यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
१९६९ साली चार संगणक-केंद्रांनिशी सुरू झालेले अर्पानेट हे संशोधकांचे जाळे होते. परस्परांवरील विश्वास हाच त्याचा अलिखित नियम होता. १९७५ मध्ये त्याचा कारभार डिफेन्स कम्युनिकेशन्स एजन्सीकडे आला आणि लष्करी वापर वाढत गेला. संशोधकांना प्रयोगाचे स्वातंत्र्य हवे होते, तर लष्कराला अखंड सेवा व प्रवेशावर नियंत्रण. एकाच नियमावलीत या दोन्ही गरजा भागणे अशक्य झाले.

विभाजन :
१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी-आयपी ही संदेशवहनाची समान नियमावली स्वीकारली. त्यामुळे भिन्न जाळी स्वतंत्र राहूनही जोडता येऊ लागली. त्याच वर्षी ११३ केंद्रांपैकी ६८ केंद्रे मिलनेट या लष्करी जाळ्यात गेली व ४५ अर्पानेटमध्ये राहिली. मिलनेटवर केवळ अगोपनीय लष्करी व्यवहार चालत असे. दोहोंमधील दळणवळणासाठी 'मेलब्रिज' नावाचे मोजके द्वार-संगणक ठेवण्यात आले. संकटकाळी हीच द्वारे बंद करता येणार होती.

विभाजनाची कसोटी :
१९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील क्लिफर्ड स्टोल यांनी हिशेबातील ७५ सेंटच्या तफावतीचा माग काढला. त्यातून पश्चिम जर्मनीतील एक घुसखोर उघडकीस आला. तो प्रयोगशाळेच्या संगणकावरून मिलनेटवरील लष्करी संगणकांत शिरत होता. द्वारे उघडी होती आणि अनेक ठिकाणी परवलीचे शब्द सहज ओळखण्याजोगे होते. भिंत उभी होती. दारावर पहारा नव्हता.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या 'वर्म'ने हजारो संगणक निकामी केले. दुसऱ्या दिवशी मेलब्रिज बंद करून मिलनेट अलग करण्यात आले. अलग करण्याची सोय उपयोगी पडली खरी, परंतु ती संसर्ग पसरू लागल्यावर वापरली गेली. अर्पानेट १९९० मध्ये बंद झाले, पण विभाजनाची कल्पना टिकली. १९९८ च्या '८०२.१क्यू' या मानकाने एकाच तारांच्या जाळ्यावर आभासी विभाग पाडण्याची पद्धत प्रमाणित केली.

निष्कर्ष :
जाळ्याचे विभाग पाडणे ही सुरक्षेची पूर्वअट आहे, हमी नव्हे. दोन विभागांमधील द्वारातून कोणी, कशासाठी व किती जावे, हे ठरल्यावाचून विभाजन केवळ नकाशावरील रेषा ठरते. परीक्षा विभाग, लेखा विभाग व विद्यार्थ्यांची संगणक-प्रयोगशाळा एकाच जाळ्यावर चालविणाऱ्या महाविद्यालयांनाही हा इतिहास तितकाच लागू पडतो. गुणपत्रकांचा संगणक वेगळ्या विभागात ठेवला, तरी त्याच्या द्वाराची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरविणे हे व्यवस्थापनाचेच काम आहे.