चित्तोड ते वऱ्हाड : बघेरवाल घराण्यांचा माग

वऱ्हाडात आडनावावरून गाव काढायची आपल्याला सवय आहे. अकोलकर म्हटलं की अकोला, संपलं. पण कारंजा लाडच्या बघेरवाल जैन घराण्यांना हा नियम लावला तर आपण थेट राजस्थानात जातो. बघेरवाल हे नावच तिथल्या बघेरा गावावरून आलेलं आहे. घरात आज बोली मात्र आपलीच, वऱ्हाडी.

मग हे लोक इकडे आले कधी? इथे वंशावळीच्या कागदांपेक्षा मूर्ती जास्त कामाला येतात. जैन मूर्तीच्या बैठकीवर लेख असतो. त्यात संवत, संघ-गण, भट्टारकांची परंपरा, मग ज्ञाती, गोत्र, मूर्ती करवणाऱ्याचं नाव, त्याच्या बायकोचं नाव, मुलांची नावं. बायकोचं नाव! सातबाऱ्यावर बायकांची नावं किती दिसतात ते आठवा, म्हणजे या ओळीची किंमत कळेल. कारंज्यात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तिन्ही परंपरांची पीठं होती, म्हणून इथे हे साहित्य भरपूर. विद्याधर जोहरापूरकरांनी असे लेख आणि पोथ्यांच्या प्रशस्त्या जमवून 1958 मध्ये ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ काढला. आम्ही त्याच वाटेनं चाललो आहोत.

त्यातला सगळ्यात बोलका लेख विदर्भातल्या नांदगावचा. संवत 1541, शक 1406. दोन्हींत 135 चं अंतर बरोबर जुळतं, म्हणजे इ.स. 1484. वऱ्हाडावर तेव्हा बहामनींचा अंमल होता, इमादशाही अजून सहा वर्षं लांब. या लेखातलं बघेरवाल कुटुंब सांगतं की मेवाडात चित्तोडला कीर्तिस्तंभ उभारणाऱ्या साह जिजाचे आम्ही वंशज. तो स्तंभ आजही किल्ल्यावर आहे. राणा कुंभाचा विजयस्तंभ तो वेगळा, पर्यटक हमखास गोंधळतात.

आता प्रश्न असा, की हे खरं मानायचं का? कीर्तिस्तंभ या लेखाच्या निदान दीडशे वर्षं आधीचा. मोठ्या पूर्वजाशी नातं जोडायचा मोह कुणाला नसतो? आमचं मत असं: थेट वंशाचा दावा जपून घ्यावा, पण 1484 मध्ये विदर्भात राहून चित्तोडची आठवण सांगणारं कुटुंब होतं, एवढं पक्कं. ‘खिलजीनं 1303 मध्ये चित्तोड घेतलं म्हणून पळून आले’ असं सर्रास सांगतात. तारखा जवळ आल्या म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. व्यापार हेही कारण असू शकतं.

अमेरिकेतल्या रूझवेल्ट घराण्याचं बघा. सतराव्या शतकाच्या मध्याला क्लास मार्टेन्सझेन व्हान रोझेनव्हेल्ट हा डच माणूस न्यू ॲमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला, राहायला आला. नाव आपल्यासारखंच : क्लास, मार्टेनचा मुलगा, रोझेनव्हेल्टकर! या घराण्यातून पुढे दोन राष्ट्राध्यक्ष झाले, तरी क्लासच्या मागे नेदरलंड्समध्ये खात्रीचा धागा लागत नाही.

आपले लेख मात्र रोजच्या अभिषेकानं आणि घासण्यानं झिजताहेत. मूर्तीला हात न लावता, तिरक्या उजेडात, फोटो काढता येतो. देवघरातली जुनी मूर्ती असेल तर बैठकीची मागची बाजूही बघा. संवताचा आकडा बऱ्याचदा तिथेच असतो.