तळटीप : द्राक्षवेलीवरील उत्परिवर्तन

* उत्परिवर्तनाने केवळ बिघाड होतो, नवे काही निष्पन्न होत नाही, हे ग्रंथकर्त्याचे विधान नाशिक जिल्ह्यातील वाचकाने तरी पारखून घ्यावे. निफाड-दिंडोरीच्या मळ्यांत सुपरिचित असलेला ‘तास-ए-गणेश’ हा वाण म्हणजे तासगाव तालुक्यातील बोरगाव येथे ‘थॉमसन सीडलेस’च्या वेलीवर आपोआप उद्भवलेला व जाणत्या बागाइतदाराने हेरून वाढविलेला पालट होय. तेथे निवड मनुष्याची. बीजहीन वेल रानात निर्वंशच झाली असती. परंतु केवडा रोगाच्या बुरशीसदृश जीवाची निवड कोणी हेतुपूर्वक करीत नाही : स्ट्रोबिल्युरिन वर्गातील औषधे वारंवार फवारल्यावर, ज्यांच्या एका प्रथिनात १४३ व्या स्थानी ग्लायसीनऐवजी ॲलॅनीन आले होते तेच तगले, आणि पानाच्या पाठीवरचा तो पांढरा थर औषधाला दाद न देता पसरू लागला, महाराष्ट्रातील द्राक्षबागांत हा पालट प्रत्यक्ष आढळला आहे. जनुकातील एका अक्षराच्या अशा फेरफाराने डोळ्यासारख्या इंद्रियाची उपपत्ती लागत नाही, हा ग्रंथकर्त्याचा उजर तेवढ्यापुरता रास्त आहे. तिच्यासाठी जीवाश्म व तौलनिक शरीररचना यांचा पुरावा पाहावा लागतो, आणि तो विपुल आहे. ‘केवळ बिघाड’ हा निवाडा मात्र कायम ठेवता येत नाही.