बुरशीजन्य विकरांचे शुष्कन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विकरे म्हणजेच एन्झाइम्स ही बहुतांशी प्रथिने होत. पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत त्यांची क्रियाशीलता कालांतराने घटते. योग्य रीतीने वाळविल्यास ती दीर्घकाळ टिकते. त्यामुळे विकरांच्या उद्योगाचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्यांच्या शुष्कनाचाही इतिहास ठरतो.

या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे जपानी रसायनतज्ज्ञ जोकिची ताकामिने (१८५४-१९२२) यांचे कार्य. जपानमध्ये साके, सोयासॉस इत्यादींसाठी परंपरेने वापरली जाणारी ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी त्यांनी अमेरिकेत गव्हाच्या कोंड्यावर वाढविली. पाण्यात उतरलेले विकर मद्यार्काच्या साहाय्याने साक्याच्या रूपात वेगळे करून ते वाळविण्यात आले. १८९४ मध्ये या पद्धतीस अमेरिकन पेटंट मिळाले. पार्क-डेव्हिस कंपनीने ही पूड 'टाका-डायास्टेज' या नावाने पाचक औषध म्हणून बाजारात आणली.

द्रव फवारून वाळविण्याच्या पद्धतीचे पेटंट सॅम्युएल पर्सी यांनी १८७२ मध्येच अमेरिकेत घेतले होते. दुसऱ्या महायुद्धात दूध व अंडी यांच्या भुकटीसाठी या पद्धतीचा मोठा वापर झाला; पुढे विकरांच्या उत्पादनातही ती रुजली. शंभर अंश सेल्सिअसहून अधिक तापलेल्या हवेत नाजूक प्रथिन टिकते, ही बाब प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु बाष्पीभवन चालू असेपर्यंत सूक्ष्म थेंब थंड राहतो. खरा धोका अखेरीस, पाणी संपत आल्यावर उद्भवतो. म्हणून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मर्यादित ठेवतात आणि माल्टोडेक्स्ट्रिन, ट्रेहॅलोज यांसारखी संरक्षक द्रव्ये मिसळतात. ही द्रव्ये काचेसारखी घनावस्था धारण करून प्रथिनाची रचना सावरून धरतात.

तथापि, विकर टिकविणारी हीच कोरडी अवस्था कामगारांना अपायकारक ठरली. १९६९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधील धुलाई-पावडर कारखान्यांतील कामगारांच्या श्वसनविकारांची नोंद प्रसिद्ध झाली. तेथील विकर जिवाणुजन्य होते. परंतु पुढे पिठात मिसळल्या जाणाऱ्या बुरशीजन्य अमायलेजमुळेही बेकरी कामगारांना दमा होत असल्याचे निष्पन्न झाले. परिणामी भुकटीऐवजी आवरणयुक्त कणिकांचा वापर वाढला.

सारांश, शुष्कनाचे यश केवळ शिल्लक राहिलेल्या क्रियाशीलतेवरून ठरविणे अपुरे आहे. ती पूड हाताळणाऱ्या माणसाच्या श्वासाचा विचार या मोजमापात उशिरा झाला, ही बाब तंत्रज्ञानाच्या इतिहासात दुर्लक्षून चालणार नाही.