कस्टमवाल्यांची पायवाट

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, उत्तर किनाऱ्यावर पेरोस-गिरेक नावाचं गाव आहे. उन्हाळ्यात सुट्टीला आलेल्या लोकांनी भरून जाणारं. त्याच्या त्रेस्त्राऊ नावाच्या लांबलचक पुळणीपासून प्लूमानाकपर्यंत सुमारे 5 किलोमीटरची पायवाट जाते. उजव्या हाताला समुद्र, आणि आजूबाजूला गुलाबी ग्रॅनाइटचे अजस्र गोलसर दगड, एकावर एक रचल्यासारखे. एका दगडाचं नाव नेपोलियनची टोपी! खडक सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा.

मी ही वाट दोनदा चाललोय. पहिल्यांदा नुसता बघत राहिलो. दुसऱ्यांदा मात्र तिच्या नावाने डोकं खाल्लं. 'कस्टमवाल्यांची वाट'? इतक्या सुंदर जागी कस्टमवाल्यांचं काय काम?

तर गोष्ट अशी. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर 1791 साली तिथलं कस्टम खातं नव्याने उभं राहिलं. किनाऱ्यावर चोरटा माल उतरू नये म्हणून पहारेकरी रात्री-बेरात्री, वाऱ्यापावसात गस्त घालत. फुटलेल्या जहाजांचा माल कुणी पळवू नये हेही तेच बघत. प्रत्येक खाच, प्रत्येक लहानशी खाडी नजरेत यायला हवी, म्हणून वाट अगदी कडेकडेने गेली. म्हणजे आज आपण ज्या देखाव्यासाठी तिथे जातो, तो मुळात सरकारच्या संशयातून मिळालेला आहे!

पुढे गस्त बंद पडली. वाटेवर काटेरी झुडपं माजली, कुठे बंगल्यांची कुंपणं आली. 1968 पासून पायी भटकणाऱ्या हौशी लोकांनी ती तुकड्यातुकड्याने मोकळी करायला घेतली. मग 31 डिसेंबर 1976 चा कायदा आला. समुद्राला लागून असलेल्या खाजगी जमिनीतून 3 मीटर रुंदीची पट्टी पायी जाणाऱ्यांसाठी सोडायची. काही अपवाद आहेत, पण तत्त्व सोपं. जमीन मालकाचीच, चालायचा हक्क सगळ्यांचा. आज ही वाट ब्रिटनीच्या किनाऱ्याने जाणाऱ्या 2000 किलोमीटरहून लांब पदभ्रमण मार्गाचा एक तुकडा आहे.

दगडांचंही तेच. हा ग्रॅनाइट बांधकामाला उत्तम, त्यामुळे खाणवाल्यांचा डोळा त्यावर होताच. 20व्या शतकाच्या आरंभी काही लोकांनी आरडाओरडा केला, म्हणून किनाऱ्यावरचे दगड राहिले. मेन रुझचं दीपगृह मात्र वाचलं नाही. 1944 साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ते उडवलं. युद्धानंतर त्याच गुलाबी दगडात ते पुन्हा बांधलं.

आणि समोरच्या 'सात बेटां'वरचे पक्षी! रंगीत चोचीचे पफिन तिथे घरटी करतात. शंभरेक वर्षांपूर्वी लोक बोटीने जाऊन मजा म्हणून त्यांना गोळ्या घालत. त्याविरुद्ध 1912 साली पक्षी संरक्षणाची संस्था निघाली आणि बेटं राखीव झाली. आजही त्या संस्थेच्या चिन्हात पफिनच आहे. पण 1967 साली 'टोरी कॅन्यन' आणि 1978 साली 'अमोको कादिझ' ही तेलवाहू जहाजं फुटली, तेल इथवर आलं, आणि पफिन पुन्हा पूर्वीइतके कधी झालेच नाहीत. तेलाला राखीव क्षेत्राची पाटी थोडीच वाचता येते?

हे सगळं कळल्यावर 'निसर्गाचं देणं' हा शब्द मला जरा जपून वापरावासा वाटतो. दगड निसर्गाने दिले, खरं. पण ते जागेवर राहिले, पक्षी उरले, वाट मोकळी झाली, ते कुणीतरी वेळेवर भांडल्यामुळे. आणि जिथे भांडायला उशीर झाला तिथे काय झालं, तेही पफिनांच्या संख्येत दिसतंच.

असो. कुणी जाणार असाल तर भरती-ओहोटीच्या वेळा बघून जा. वाटेच्या शेवटी सां-गिरेकच्या पुळणीवर, खडकावर एक छोटं देऊळवजा बांधकाम आहे. ओहोटीला तिथपर्यंत पायी जाता येतं. पूर्वी लग्नाळू मुली आतल्या संताच्या लाकडी मूर्तीच्या नाकात टाचणी खुपसत. टाचणी टिकली तर वर्षभरात लग्न पक्कं! नाकाची पार चाळण झाली, तेव्हा तिथे ग्रॅनाइटची मूर्ती बसवली. संतांनाही संरक्षण लागतं, बरं का.