बॉयकॉट : एका आडनांवाचें क्रियापद

माणसाच्या आडनांवाचा सामान्य शब्द होणें ही इंग्रजी भाषेंत नवलाची गोष्ट नाहीं. मॅकॅडमच्या नांवाचा रस्ता झाला, मॅकिंटॉशच्या नांवाचा पावसाळी डगला झाला. परंतु त्या नांवांमागें मालकांचें स्वतःचें कर्तृत्व होतें. कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट याचें नांव शब्दकोशांत गेलें तें त्यानें कांहीं निर्माण केलें म्हणून नव्हे, तर लोकांनीं त्याच्याशीं जें वर्तन केलें त्यामुळें.

हें आडनांव इंग्लंडांतहि विरळाच. नॉरफोकमधील या घराण्याचें मूळ नांव बॉयकॅट. चार्ल्स लहान असतांना तें बदलून बॉयकॉट करण्यांत आलें. पुढें लष्करी नोकरी सोडून तो आयर्लंडांतच राहिला आणि मेयो परगण्यांत लॉक मास्क सरोवराच्या कांठीं लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी झाला. १८८० सालीं कुळांनीं खंडांत शेंकडा २५ सूट मागितली. मालक शेंकडा १० वर अडून बसला. त्याच वर्षीं १९ सप्टेंबरला एनिस येथील सभेंत पार्नेलनें सांगितलें कीं, हुसकलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारूं नका. रस्त्यांत, बाजारांत, प्रार्थनामंदिरांतहि त्याला एकटा पाडा. उपदेश होता जमीन बळकावणाराविरुद्ध. लोकांनीं तो कारभाऱ्यालाच लागू केला. तीनच दिवसांनीं बॉयकॉटच्या वतीनें कुळांना नोटिसा बजावूं लागतांच त्याचे गडी निघून गेले. लोहार काम करीना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार माल देईना. पीक शेतांत उभें! अखेर अल्स्टरकडून ५० मजूर आले आणि त्यांच्या रक्षणास शेंकडों शिपाई. सुमारें ५०० पौंडांचें पीक काढावयास सरकारचे १०,००० पौंड खर्च झाले असें म्हणतात.

या नव्या शस्त्राला नांव हवें होतें. रेडपाथ या अमेरिकन बातमीदारानें नमूद केलें आहे कीं, ग्रीक मुळाचा ‘ऑस्ट्रसाइझ’ हा शब्द शेतकऱ्यांना कळणार नाहीं, तेव्हां ‘बॉयकॉट करणें’ म्हणावें, असें स्थानिक धर्मगुरु फादर ओ’मॅली यांनीं सुचविलें. नोव्हेंबरांतच हें क्रियापद लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें आलें, अर्थात् अवतरणचिन्हांत, जणूं चिमट्यांत धरून. मग त्याला ‘एड’ आणि ‘इंग’ हे प्रत्यय लागले, चिन्हें गळलीं आणि आरंभीचें मोठें अक्षरहि लहान झालें. इंग्रजी वाक्यांत मोठें अक्षर गेलें कीं माणूस गेला असें समजावें. पुढें क्रिकेटपटु जेफ्री बॉयकॉटमुळें तें अक्षर पुन्हां वर्तमानपत्रांत दिसूं लागलें. १९६७ सालीं लीड्सला भारताविरुद्ध नाबाद २४६ धावा काढूनहि फार सावकाश खेळल्याबद्दल त्याला पुढच्या कसोटींतून वगळलें, तेव्हां आडनांवाला आपला अर्थ आठवला असावा!

मूळ कॅप्टनला मात्र स्वतःचें नांव वापरण्याची चोरी झाली. १८८१ सालीं तो अमेरिकेस गेला तो नुसता ‘चार्ल्स कनिंगहॅम’ म्हणून. १८९७ सालीं तो सफोकमध्यें वारला.

१९०५ सालीं वंगभंगाच्या वेळीं हा शब्द हिंदुस्थानांत गाजला. टिळकांच्या चतुःसूत्रींत तो ‘बहिष्कार’ या रूपानें बसला. पण मराठींतला हा शब्द कोरा नव्हता. मेयोंतल्या दुबळ्या कुळांनीं बलवानाच्या हस्तकाला एकटें पाडलें; इकडे जातीनें एकट्यादुकट्याला वाळींत टाकण्याचें नांव बहिष्कार. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणीं खुद्द टिळक आणि रानडे यांनाच ग्रामण्याला तोंड द्यावें लागलें होतें. विलायती कापडाच्या होळीनें शब्दाला नवा अर्थ चढला, तरी जुना पुसला गेला नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९२७ सालीं आपल्या पत्राला ‘बहिष्कृत भारत’ हेंच नांव दिलें, आणि त्या जुन्या अर्थाविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ सालीं कायदा मंजूर करावा लागला.