कोळंबी संवर्धन : किनारी पर्यावरण व श्रमिक

खाऱ्या वा निमखाऱ्या पाण्याच्या तळ्यांत कोळंबीचे बीज सोडून ते विक्रीयोग्य होईपर्यंत वाढविण्याच्या व्यवसायास कोळंबी संवर्धन म्हणतात. त्याची पारंपरिक रूपे गोव्याच्या खाजणांत, केरळच्या पोक्काळी शेतांत व पश्चिम बंगालच्या भेरींत आढळतात. खाजणांत बांध व मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) यांच्या योगाने खाडीचे पाणी आवरून भात व मासळी ही दोन्ही उत्पन्ने घेतली जात. बांध शाबूत ठेवणे ही गावकीची सामाईक जबाबदारी असे.

जपान, अमेरिका व यूरोप येथील मागणीमुळे १९९० च्या सुमारास आंध्र प्रदेश व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर निमसघन व सघन पद्धतीची तळी वेगाने वाढली. दाट बीज, तयार खाद्य व औषधे यांमुळे दूषित झालेले पाणी खाड्यांत सोडले जाई. तळ्यांतील खारे पाणी झिरपून विहिरी व शेते नासली. खारफुटी तोडली गेली आणि मच्छीमारांची किनाऱ्याकडील वाट अडली. गोव्यातही बांध फुटू देऊन भातशेतांची तळी केल्याच्या तक्रारी झाल्या. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुजन्य रोगाने अनेक तळी ओस पडली. खारावलेली जमीन मात्र तशीच राहिली.

गांधीवादी कार्यकर्ते एस्. जगन्नाथन् यांनी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाच्या आदेशाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने किनाऱ्यांची पाहणी केली. होणारी हानी उत्पन्नाहून अधिक आहे, असा तिच्या अहवालाचा निष्कर्ष होता. ११ डिसेंबर १९९६ च्या निवाड्याने भरतीरेषेपासून ५०० मी.च्या आतील किनारी नियमन क्षेत्रात, पारंपरिक व सुधारित पारंपरिक प्रकार वगळता, अशी तळी निषिद्ध ठरविली व ‘प्रदूषकाने भरपाई द्यावी’ हे तत्त्व लागू केले. बंद होणाऱ्या तळ्यांवर किमान एक वर्ष सलग काम केलेल्या कामगारांना कायदेशीर भरपाईखेरीज सहा वर्षांचे वेतन द्यावे, असेही त्यात होते. परंतु पुनर्विचार अर्जांमुळे निवाड्याची पूर्ण अंमलबजावणी झाली नाही. २००५ च्या तटीय जलसंवर्धन प्राधिकरण कायद्याने ही मर्यादा २०० मी.वर आणली आणि जुन्या तळ्यांना ती लागू केली नाही.

२००९ मध्ये व्हॅनामेई जातीच्या कोळंबीस परवानगी मिळाल्यावर उत्पादन पुन्हा वाढले. गोठविलेली कोळंबी ही भारताच्या मत्स्यनिर्यातीतील सर्वांत मोठी बाब ठरली आणि अमेरिका तिची प्रमुख ग्राहक झाली. या साखळीतील सोलण्याचे काम मुख्यतः कंत्राटी स्त्रिया व स्थलांतरित मजूर करतात. थायलंडमधील सोलणशाळांतील वेठबिगारी २०१५ मध्ये उघडकीस आली. २०२४ मध्ये भारतीय कोळंबी उद्योगातील अल्प वेतन, कर्जाचे ओझे व कोंदट निवास यांविषयीचे अहवाल प्रसिद्ध झाले. तळे, दलाल, कारखाना व परदेशी विक्रेता यांत उत्तरदायित्व विभागले जाते. त्यामुळे स्वस्त कोळंबीच्या किमतीत जमिनीची व श्रमाची हानी मोजली जात नाही. ती किनाऱ्यावरील गावे व कारखान्यांतील मजूर सोसतात.