दीक्षित आहारपद्धती

दिवसातून दोनदाच जेवण्याची, खंडित उपवासाच्या प्रकारात मोडणारी महाराष्ट्रातील आहारपद्धती. मूळ मांडणी डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या व्याख्यानांतली, प्रसार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी केला. कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखून प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, शिवाय रोज ४५ मिनिटे चालायचे. अधेमधे पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा चालतो. चहासोबतचे बिस्कीट मात्र वर्ज्य. खाल्ले की इन्शुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करणे हे तिचे सूत्र (पहा : इन्शुलिन). साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस अशा फराळी उपवासाशी तिचे फारसे नाते नाही (पहा : एकादशी). मधुमेहावरील औषधे घेणाऱ्यांत रक्तशर्करा अतिशय घसरू शकते. त्यांना वैद्यकीय देखरेख आवश्यक असते (पहा : मधुमेह).